45 गुणांची दोन कार्डं

दोन कार्डं, म्हणजे नेमाचे छापील कागद, शेजारी-शेजारी ठेवा. दोन्ही 10 मीटर एअर पिस्तुलाची, दोन्हींवर पाच-पाच शॉट. पहिल्यावरची पाचही भोकं मधल्या गोलाच्या खाली, जराशी डावीकडे, एकमेकांना खेटून: 9, 9, 9, 9, 9. दुसऱ्यावर दोन मधोमध, एक वर उजवीकडे, एक डावीकडे आणि एक पार खाली: 10, 10, 8, 9, 8. बेरीज दोन्हींची 45. वहीत नुसती बेरीज लिहिणाऱ्याच्या लेखी दोन्ही दिवस सारखेच गेले. प्रत्यक्षात पहिल्या कार्डवाल्याला दोन मिनिटांचं काम आहे, दुसऱ्याला दोन महिन्यांचं.

हे मोजून बघता येतं. कार्डावर दहाचा गोल 11.5 मिमीचा असतो, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या निम्म्याच्या आसपास. पुढची प्रत्येक रिंग 16 मिमीने वाढते: नऊची 27.5, आठची 43.5, सातची 59.5. काळा भाग सातपर्यंतच. छर्रा 4.5 मिमीचा, आणि त्याची कड रेघेला लागली तरी वरचा गुण मिळतो. त्यामुळे हिशेब सोपा होतो. भोकाचा मध्य कार्डाच्या मध्यापासून 8 मिमीच्या आत असेल तर 10, 16 च्या आत 9, 24 च्या आत 8, 32 च्या आत 7.

आता पारदर्शक पट्टी घेऊन पहिल्या कार्डावरची भोकं आडवी आणि उभी मोजा. उजवीकडे आणि वर अधिक, डावीकडे आणि खाली उणे. समजा आकडे असे आले: (-6, -9), (-2, -12), (-9, -7), (-4, -15), (1, -10). आडव्याची सरासरी -4, उभ्याची -10.6. हा झाला ग्रुपचा, म्हणजे भोकांच्या झुबक्याचा, मध्य. त्या मध्यापासून भोकं सरासरी किती लांब पडली ते काढलं तर येतात जेमतेम 4 मिमी. दुसऱ्या कार्डाचा मध्य बरोबर दहाच्या गोलात पडतो, पण सरासरी लांबी 13 मिमी निघते.

पहिल्या नेमबाजाचा हात उत्तम आहे, फक्त साइट, म्हणजे पिस्तुलावरची नेम धरायची खूण, चुकीच्या जागी आहे. हाच ग्रुप 4 मिमी उजवीकडे आणि साडेदहा मिमी वर सरकवला तर पाचही शॉट दहात बसतात, 45 चे 50 होतात. दुसऱ्याने साइटला हातही लावू नये. त्याची साइट बरोबरच आहे, हात आणि ट्रिगर जागेवर नाहीत. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात: ग्रुप विखुरला की साइटच्या स्क्रूचे क्लिक फिरवतात, आणि ग्रुप छान पण बाजूला पडला की "आज हात बरोबर नव्हता" म्हणून सोडून देतात.

म्हणून वहीत बेरजेच्या शेजारी दोन रकाने हवेत: ग्रुपचा मध्य कुठे, आणि पसारा किती. पसारा म्हणजे मध्यापासूनची सरासरी लांबी. सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायची सवय बऱ्याच जणांना आहे, पण ते शॉट वाढले की आपोआप वाढतं. पाच शॉटचं अंतर दहा शॉटच्या अंतराशी लावून पाहिलं तर उगाच हात बिघडल्यासारखा वाटतो.

साइट फिरवायची ती तीन कार्डांनी एकच दिशा दाखवल्यावर. एका कार्डावरून कधीच नाही. एका क्लिकने शॉट किती सरकतो हे पिस्तुलागणिक वेगळं असतं, ते स्वतः काढून घ्या: पाच शॉट, मग एकाच दिशेला दहा क्लिक, परत पाच शॉट, दोन्ही मध्यांमधलं अंतर भागिले दहा. समजा 2 मिमी आलं, तर वरच्या उदाहरणात पाच क्लिक वर आणि दोन उजवीकडे. बॅकसाइट (डोळ्याकडची, खाच असलेली साइट) ज्या दिशेला जाते त्याच दिशेला शॉट जातो, एवढं डोक्यात पक्कं ठेवा. स्क्रूवरच्या बाणावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. काही पिस्तुलांवर तो बाण "शॉट इकडे जात असेल तर असं फिरवा" असं सांगतो, काहींवर "शॉट तिकडे न्यायचा तर असं". पहिल्या दिवशी एकदा करून बघायचं आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचा रकाना. शॉट सुटला की कार्डाकडे किंवा दुर्बिणीत बघण्याआधी तो कुठे गेला असेल ते वहीत मांडायचं. रेंजवर याला शॉट कॉल करणं म्हणतात. वहीत आधीच छोटी वर्तुळं काढून ठेवा, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जागा सांगा: "9, सात वाजता". मग दुर्बीण. कॉल आणि भोक एकाच बाजूला आणि एका रिंगच्या आत असेल तर बरोबर, नाहीतर चूक. वीस शॉटमध्ये किती बरोबर, हा आकडा रोज लिहायचा.

याचं कारण असं. कॉल बरोबर आणि शॉट वाईट, तर ट्रिगर सुटताना डोळा फोरसाइटवर (नळीच्या टोकाकडच्या साइटवर) होता आणि चूक तुम्हाला दिसली. दिसलेली चूक सुधारते. कॉल चुकला म्हणजे त्या क्षणी तुम्ही कार्डाकडे बघत होता, किंवा डोळे मिटले, किंवा शॉट सुटल्या-सुटल्या पिस्तूल खाली आणलं. तो शॉट दहात गेला असला तरी त्यातून शिकायला काही मिळालं नाही. सुरुवातीला वीसपैकी सात-आठच कॉल जुळतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गुण वाढण्याआधी हा आकडा वाढतो. सरावाची दिशा बरोबर आहे की नाही, हे सर्वांत आधी इथेच कळतं.

फोरसाइटवर डोळा ठेवा, असं प्रत्येक कोच सांगतो. का, ते फार कमी जण सांगतात. एअर पिस्तुलाच्या फोरसाइट आणि बॅकसाइटमध्ये साधारण 33 सेंटीमीटर अंतर असतं. फोरसाइट बॅकसाइटच्या खाचेत 1 मिमी बाजूला गेली तर 10 मीटरवर ती चूक तिसेक पट होते: 30 मिमी, म्हणजे थेट सात. याउलट दोन्ही साइट एकमेकींशी बरोबर आहेत आणि अख्खा हातच 5 मिमी डावीकडे हलला, तर शॉटही 5 मिमीच डावीकडे जातो. तो दहाच असतो. म्हणून हात हलतोय याला घाबरायचं नाही, हात सगळ्यांचाच हलतो. खाचेत फोरसाइटच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची रेघ सारखी आहे का आणि वरची कड सपाट आहे का, एवढंच बघायचं. काळा गोल धूसर दिसला पाहिजे. तो स्पष्ट दिसत असेल तर समजा, डोळा चुकीच्या ठिकाणी आहे. नेमही काळ्याच्या मधोमध धरू नका. काळ्यावर काळी फोरसाइट दिसत नाही. गोलाच्या खाली पांढऱ्याची एक पट्टी सोडून धरा आणि साइट त्या हिशेबाने लावून घ्या.

हात उचलल्यापासून शॉट सुटेपर्यंतचा वेळही लिहा. शेजारी कोणी मोबाइलवर मोजणारा असेल तर उत्तम. नेम स्थिरावल्यावर पाच ते आठ सेकंदांत शॉट सुटायला हवा. त्यानंतर डोळ्याला साइट बरोबर असल्याचा भास होत राहतो, हात मात्र थकलेला असतो. दहा सेकंद झाली की हात खाली. वीस शॉटच्या सरावात एकदाही हात खाली आणला नाही, तर समजा काही शॉट ओढून-ताणून मारले. म्हणून "हात खाली: किती वेळा" हाही रकाना ठेवा. तो शून्य असणं वाईट.

ट्रिगरचं वजन एअर पिस्तुलात कमीत कमी 500 ग्रॅम लागतं. स्पर्धेत वजन टांगून तपासतात. ट्रिगरची पहिली पायरी हात उतरतानाच घ्यायची, दुसरी नेम स्थिरावताना, आणि बोट सरळ मागे. उजव्या हाताचे शॉट खाली डावीकडे जात असतील तर बहुतेक वेळा बोटाऐवजी अख्खी मूठ आवळली जाते. एका उभ्या रेघेत वर-खाली पडत असतील तर नजर फोरसाइटवरून सुटतेय, किंवा प्रत्येक वेळी श्वास वेगळ्या ठिकाणी थांबतोय. आडव्या रेघेत पडत असतील तर पाय बघा: डोळे मिटा, हात उचला, डोळे उघडा. पिस्तूल कार्डाच्या डावीकडे उभं असेल तर मनगट वळवायचं नाही, मागचा पाय सरकवायचा. चुकांचे रंगीत तक्ते मोबाइलवर फिरतात, "इथे गेला म्हणजे हे" असे. ते सुरुवातीला बरे. पण त्यातली कारणं सगळ्यांना लागू पडत नाहीत, आणि डावखुऱ्याने तर तो तक्ता आरशात बघायचा असतो, हे कोणी सांगतच नाही.

कोरडा सराव, म्हणजे बिनछर्ऱ्याचा, शॉटइतकाच करा. चुना मारलेल्या कोऱ्या भिंतीपासून एक मीटरवर उभं राहायचं, समोर काही नेम नाही, ट्रिगर दाबायचा आणि फोरसाइट उडते का बघायचं. मॅच (स्पर्धेच्या) पिस्तुलात यासाठी वेगळी सोय असते. स्प्रिंगच्या पिस्तुलात मात्र छर्ऱ्याशिवाय ट्रिगर दाबू नका. पिस्टनला पुढे आधार मिळत नाही, सील आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात. हातात ताकद यायला जिम लागत नाही. पाणी भरलेली एक लिटरची बाटली पिस्तुलाच्या वजनाच्या आसपास भरते. ती खांद्याच्या उंचीला 30 सेकंद, मग एक मिनिट आराम, असं दहा वेळा. पोलिस भरतीची तयारी करणारी पोरं ग्राउंडवरून आल्यावर ओसरीत हे करताना दिसली तर त्यांना एकच सांगा: दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात, कंबर मोडायची नाही.

आता जागेचं. घरात 10 मीटर सलग जागा म्हणजे मोठी ओसरी किंवा गोदाम. आपल्याकडे दिवाळीनंतर कापूस घरात आला की ती जागा जाते आणि सराव थेट फेब्रुवारीत सुरू होतो, त्यामुळे गोदामाच्या भरवशावर राहू नका. गावातल्या शाळेचं सभागृह सुटीच्या दिवशी मिळत असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. कार्डाचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटर उंच. मागे विटांची भिंत, आणि कार्डाच्या बाजूला दार असेल तर ते आतून कडी लावून बंद. हे सर्वांत महत्त्वाचं. बाहेरून कोणी पोर "काय चाललंय" म्हणत आत आलं तर ते थेट नेमासमोर येतं. न फुटणारा चष्मा सगळ्यांना, बघणाऱ्यालाही. गवत कापायच्या मशीनचा केशरी नायलॉन धागा नळीतून आरपार घालून ठेवला की पिस्तूल रिकामं आहे हे दुरूनच दिसतं. स्पर्धेतही असा धागा सक्तीचा आहे.

छर्रे अडवायला लाकडी खोक्यात घट्ट कोंबलेल्या चिंध्या, मागे जाड लोखंडी पत्रा. नुसत्या पत्र्यावर मारले तर शिशाचे तुकडे मागे उडतात. ढोरांच्या कोठ्यात रेंज करू नका, जागा कितीही सरळ असो. कुटारात पडलेला शिशाचा तुकडा ढोराच्या पोटात गेला तर विषबाधा होते, आणि गाय-बैल असले तुकडे चाटतातही. सराव संपला की खाली पडलेले छर्रे चुंबकाने निघत नाहीत, झाडूनेही धूळ उडते. आधी पाणी शिंपडा, मग गोळा करा. हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला लावायचे नाहीत. आणि गावात पिस्तूल आलं की कोणीतरी हमखास विचारतो, "याच्यानं रानडुक्कर मरते का?" मरत नाही. या पिस्तुलाची ताकद सहा-सात ज्यूलची, कागदाला भोक पाडण्यापुरती. शिवाय वन्यप्राण्यावर चालवणं हा 1972 च्या कायद्याखाली गुन्हा आहे, धुऱ्यावर रोही (नीलगाय) कितीही नुकसान करो. 4.5 मिमी बोअर आणि 20 ज्यूलच्या आतल्या हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही, पण ते दिसतं खऱ्यासारखं. एसटीत नेताना बंद पेटीत, बिलाची झेरॉक्स सोबत.

कार्ड झेरॉक्सवर काढत असाल तर काळा गोल पट्टीने मोजा. दुकानदार "पानावर बसवतो" म्हणून पाच टक्के छोटं करतो, आणि मग घरी साठ शॉटमध्ये 540 मारणारा पोरगा जिल्ह्याच्या रेंजवर गोंधळतो: गोल मोठा दिसतो, रोजच्याइतकीच पांढरी पट्टी खाली सोडली की शॉट खाली जातात. काळा 59.5 मिमी भरला पाहिजे. पातळ कागदावर भोक फाटतं, मापता येत नाही. ड्रॉइंगच्या जाड कागदावर काढा आणि छर्रे सपाट तोंडाचे घ्या, टोकदार नको. भोक रेघेला लागलं की नाही असा वाद झाला तर साडेचार मिमीच्या ड्रिलबिटचा गुळगुळीत दांडा भोकात हळूच बसवून बघा. कार्ड आणायला प्रत्येक वेळी चालत जायचं टाळायचं असेल तर दोन कप्प्या आणि कपडे वाळत घालायची नायलॉन दोरी पुरते.

उजेड कार्डावर भरपूर आणि सारखा हवा. स्पर्धेच्या रेंजवर कार्डावर किमान 1500 लक्स असतो, ओसरीत एक बल्ब त्याच्या जवळपासही जात नाही. कार्डाच्या वरून आणि खालून एकेक एलईडी ट्यूब, नेमबाजाच्या डोळ्यांपासून लपलेली. उजेड बदलला की फोरसाइटची कड वेगळी दिसते आणि ग्रुप वर-खाली सरकतो. मग माणूस क्लिक फिरवत बसतो. म्हणून "उजेड" हा रकाना: लाइट, इन्व्हर्टर, की नुसतं दार उघडं. मे महिन्यात 45 अंशांना दुपारी सरावाला अर्थ नाही. घामाने मूठ सरकते आणि उन्हात ठेवलेल्या पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरमधला दाब वाढतो. सकाळी साडेपाच ते आठ. सिलिंडरवर तयार झाल्याची तारीख कोरलेली असते, बनवणाऱ्याने दिलेली मुदत उलटली की ते स्पर्धेत चालत नाही. जुनं पिस्तूल घेताना आधी ती वाचा. ज्यांच्या गावापासून सिलिंडर भरायची सोय लांब आहे त्यांनी एकदा दांडी दाबून हवा भरायचं पिस्तूल घ्यावं. साठ शॉटला साठ वेळा दांडी दाबावी लागते, पण कोणावर अवलंबून राहावं लागत नाही.

सुधारणा झाली हे कधी म्हणायचं? इथे घाई नडते. सरासरी 9 मारणाऱ्याची दहा शॉटची मालिका नुसत्या योगायोगाने 87 ते 93 मध्ये कुठेही येऊ शकते. साठ शॉटलाही पाच-सात गुणांचा फरक काहीच सांगत नाही. काल 535, आज 541, यावर पेढे वाटू नका, आणि उद्या 533 आले तर पकडही बदलू नका. पाच पूर्ण सामन्यांची सरासरी आधीच्या पाचांशी लावून बघा, ती दहाने सरकली तर काहीतरी घडलं. पॅरिस 2024 च्या पात्रता फेरीत मनू भाकरने 580 मारले, म्हणजे शॉटमागे 9.67. तिथपर्यंत जाताना 9 चे 10 करण्यापेक्षा 7 आणि 6 बंद करणं जास्त कामाला येतं. म्हणून "आठच्या खाली किती" हा रकाना सरासरीच्या आधी वाचावा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी एक पूर्ण सामना. आधी 15 मिनिटं तयारीची आणि सरावाच्या शॉटची. मग कागदी कार्डावर 60 शॉट, 90 मिनिटांत. छर्रे त्याच डब्यातले, त्याच ब्रँडचे, साइटला मध्ये हात नाही, मोबाइल घरात. या सामन्यात कॉल लिहायचे नाहीत, ते सरावाचं काम. मधेच लाइट गेली तर सामना रद्द करू नका. कितव्या शॉटला गेली ते समासात लिहा, दार उघडा, आणि घड्याळ चालू ठेवा.